डिंकबाईची गच्ची

ऑफिसात तिला सगळे डिंकबाई म्हणत. ड्रोनने घिरट्या घालत घेतलेला व्हिडिओ तिच्याकडे यायचा. कुठलं चित्र नेमकं कुठून टिपलंय, ही नोंद त्यातच असायची. त्यावरून ती चित्रं एकमेकांना चिकटवून अख्खी वस्ती कॉम्प्युटरवर उभी करायची, भोवती फिरून बघता येईल अशी. वैताग एकच. हलणाऱ्या गोष्टींशी त्या प्रोग्रामचं हाडवैर होतं. उभी मोटार झकास उठून दिसे, चालता माणूस विरून जाई.

रस्ता रुंद करायला आईची गल्ली पाडायचं ठरलं, आणि मोजणीचं काम नेमकं तिच्याच ऑफिसकडे आलं. तिने लगेच आईला फोन केला.

"अगं, उद्या ड्रोन येणार आहे. गच्चीवर उभी राहा आणि अजिबात हलू नकोस."

"हलायला मी काय लहान आहे? तू असशील ना त्यात?"

"त्यात कोण बसतं आई! पण बघणार मीच आहे."

पुढे कामाच्या रगाड्यात त्या गल्लीच्या व्हिडिओची पाळी येईपर्यंत आई गेली, पाठोपाठ घरही गेलं. ती फाइल उघडायचा तिला कितीतरी दिवस धीर झाला नाही. शेवटी एका दुपारी मन घट्ट करून ती बसली. तिला एवढंच हवं होतं: गच्चीवर उभी आई, आणि तिच्याभोवती एकदा फिरून येणं.

गच्ची उभी राहिली. पाण्याची टाकी, मोडकी खुर्ची, सगळं जिथल्या तिथे. आईच्या जागी नुसता राखाडी धूर.

"हललीच शेवटी! कधी ऐकलं असेल माझं तर शपथ," ती पुटपुटली. आईचा असा राग आला की डोळेच भरले.

तिने मूळ व्हिडिओ लावला. ठेवणीतले कपडे घालून, हात अंगाशी धरून आई ताठ उभी होती. जागा तिने तसूभरही सोडली नव्हती. पण ड्रोन बाजूला सरकला की तीही तिकडे वळे. तो मागे गेला की तीही मागे फिरे. प्रोग्राम बिचारा चक्रावणार नाही तर काय? या बाईला कुठूनही बघा, पाठ म्हणून नव्हतीच.

अख्खी फेरी आई एकटक लेकीकडे बघत होती.