नवव्या खुर्चीवरचे टिश्यूचे पाकीट

२००६ साली मी सिंगापूरच्या सैन्यात लेफ्टनंट होते. पदवी रसायनशास्त्राची, हाताखाली सिग्नल्सचे, म्हणजे संदेशवहनाचे, आठ जवान. ‘सिंगापुरात कुठेही जेवा, चव एकच’ असे मराठी मंडळींत कोणी म्हणाले की आजही माझे डोके फिरते.

आमचा एक रिवाज होता. शनिवारी १३०० वाजता कॅम्पबाहेर पडलो की एकेकाने आळीपाळीने सर्वांना आपल्या वस्तीत जेवायला न्यायचे. मरीन परेडला लक्सा, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या शेवया, खाताना शेजारच्या टेबलवर कोणी मानही वर केली नाही. हौगांगच्या कॉफीशॉपमध्ये मालकीण आमच्या ड्रायव्हरवर भर गर्दीत ओरडली, “आईला भेटायला वेळ नाही, मित्रांना आणायला आहे?” आणि त्याला अंडे जास्तीचे वाढले. वस्ती पाहिली की माणूस उलगडे.

कॉर्पोरल फैजलची पाळी शेवटची. बुकित पंजांगला राहत्या इमारतीच्या ब्लॉकखाली त्याच्या वडिलांचा नासी लमाकचा, नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताचा, स्टॉल होता. त्या शनिवारी तो कायमचा बंद होऊन तिथे वातानुकूलित फूड कोर्ट येणार होते.

गुरुवारी ०७३० वाजता, रूट मार्चपूर्वी, त्याचे डोळे लाल दिसले.

“ताप आहे?”

“नाही, मॅम.”

“रिपोर्ट सिक कर.”

“मग कॅम्पमध्येच ठेवून घेतील, शनिवारी मला सोडणार नाहीत. बाबा नऊ जणांचा भात टाकतायत. फिट आहे लाह, मॅम!” ‘लाह’ म्हणजे इथला ‘ना’.

थर्मामीटर मेडिककडे होता; मेडिक वीस पावलांवर. मोजल्याशिवाय आकडा न मानणारी मी त्याच्या शब्दावर विसंबले.

०९१० वाजता रेडिओवर मेडिकचा आवाज आला. “मॅन डाउन. फैजल. शुद्ध नाही. ओव्हर.”

“सावलीत घे. पाणी ओतत राहा. ॲम्ब्युलन्स निघाली. आउट.”

१४०५ वाजता रुग्णालयात तो गेला.

ताप लपवला म्हणून मला त्याचा राग आहे. त्या वीस पावलांचा त्याहून अधिक आहे.

शुक्रवारी दफन झाले. शनिवारी आम्ही आठ जण बुकित पंजांगला गेलो. स्टॉल उघडा होता. इथल्या रीतीप्रमाणे वडिलांनी टिश्यूची पाकिटे ठेवून जागा धरल्या होत्या. नऊ.

“अंकल, मी त्याचा ताप मोजला नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्यापुढे केळीचे पान मांडले. “त्याने मला एक फोन केला असता, तर हाच भात कॅम्पच्या गेटवर आणून दिला असता. खा आता.”

शेवटचा दिवस म्हणून तुडुंब गर्दी होती. ब्लॉकमधले म्हातारे ताटे हातात धरून उभ्याने जेवत होते. नववी खुर्ची कोणीही ओढली नाही.