दहावी, डायरेक्ट ड्युटीवरून

आमच्या रात्रशाळेत दहावीच्या वर्गात सगळ्यात सीनियर मीच होतो. सीनियर म्हणजे वयानं. अभ्यासात माझा नंबर खालून बघायला घेतला की लगेच सापडायचा.

मी कांदिवलीला एका टॉवरमध्ये वॉचमन. गावाला नववीनंतर शाळा सोडली. घरची परिस्थिती होती असं सांगितलं की लोक हळहळतात, म्हणून मी तसंच सांगतो. खरं म्हणजे गणिताचा तास आला की मी कुंपणावरून उडी मारायचो. आता दुसऱ्यांनी उड्या मारू नयेत म्हणून मला पगार मिळतो.

शाळेत परत जायचं कारण माझी मुलगी. म्हणजे ती काही बोलली नव्हती. मी कायम नाइटला. ती सकाळी शाळेत जायची तेव्हा मी घरी पोचलेलो नसायचो. दुपारी ती यायची तेव्हा मी झोपलेला. मी उठायचो तेव्हा ती क्लासला. एका घरात राहून आम्ही एकमेकांना बहुतेक रविवारीच बघायचो. एजन्सीच्या साहेबांना म्हटलं, मला डे द्या. साहेब म्हणाले, "डेला सुपरवायझरची जागा होईल. दहावीचं सर्टिफिकेट आण, लगेच देतो." त्यांना वाटलं, कटकट गेली. मी बोरिवलीच्या रात्रशाळेत नाव घातलं. शाळा सुटली की तिथूनच ड्युटीवर.

शाळा दिवसा लहान मुलांची, संध्याकाळी आमची. बाक पण मुलांचेच. बसताना गुडघे आधी घालायचे, मग पोट. उठताना बाकच माझ्याबरोबर उठायचा. माझ्या शेजारी बसायचा तो इडलीवाला. सायकलवर इडली विकायचा आणि वर्गात झोपायचा. मी झोपायचो नाही. मला डोळे उघडे ठेवून झोपायची सवय आहे, धंद्यातली.

गणिताच्या मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मला काका म्हणायच्या आणि काकाची काढायच्या. "काका, एक्स कुठे गेला?" मी म्हणायचो, "मॅडम, आत्ता इथे होता." त्या म्हणायच्या, "तुमच्या गेटवर असंच चालतं का?"

फेब्रुवारीत सेंड-ऑफ झाला. समोसा, वेफर्स, थंडा. मॅडमनी एकेकाला उभं करून विचारलं, पुढे काय करणार. इडलीवाला म्हणाला, गाडी टाकणार. धुणीभांडी करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, नर्सिंगचं बघणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, बाकासकट, आणि म्हणालो, "सुपरवायझर होणार. डेला जाणार, संध्याकाळी घरी मुलीसमोर बसून जेवणार." मला वाटलं होतं सगळे हसतील. कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, आधी बीजगणितात सुटा."

ते बरोबर होतं. बाकीचे विषय मी कसेही ढकलले असते. बीजगणितात अडकलो तर जन्मभर नाइट.

त्या पेपरच्या आदल्या दिवशी माझा जोडीदार गावाला पळाला, म्हणून सुट्टी मिळाली नाही. रात्रभर गेटवर होतो. सकाळी सोसायटीच्या बाथरूममध्ये तोंड धुतलं, युनिफॉर्मचा शर्ट बदलला, पँट तीच, आणि गेलो परीक्षेला. नंबर आला दरवाजाजवळच्या पहिल्या बाकावर. पेपर सुरू झाला. पहिलं गणित जमलं, दुसऱ्यात डोळे जड व्हायला लागले.

तेवढ्यात दरवाजातून भरारी पथक आत आलं. पुढे एक मॅडम, मागे एक सर. मला काय दिसलं? गेटमधून अनोळखी माणसं आत येतायत. मी ताडकन उठलो, सलाम ठोकला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मॅडम, कुणाकडे जायचंय? आधी एंट्री करा."

अख्खा वर्ग हसला. पथकातल्या मॅडम नाही हसल्या.

"ही सिग्नल द्यायची पद्धत आहे का? आम्ही आलो हे मागच्यांना कळवताय?"

"नाही मॅडम, सवय आहे."

"खिसे रिकामे करा."

मी खिशातनं एकेक वस्तू काढली. पंप रूमची चावी. तंबाखूची पुडी. आणि शिट्टी.

"शिट्टी?" मॅडम सरांकडे बघत म्हणाल्या. "सर, ह्यांनी तर शिट्टी आणलीय."

"मॅडम, ती पार्किंगची आहे. ड्युटीवरून डायरेक्ट आलो."

त्यांनी माझा पेपर उचलला. मी उभाच. बाकीचे भराभर लिहीत होते आणि माझ्यासमोर कोरा बाक. वाट लागली, म्हटलं. कॉपी केस झाली की यंदाचं गेलं, आणि साहेब काय माझ्यासाठी जागा धरून बसणार होते? मी एकदम रडवेला झालो. म्हटलं, "मॅडम, एवढा पेपर देऊ द्या. डे मिळणार आहे मला." त्यांना काय कळणार डे म्हणजे काय? त्या माझी उत्तरपत्रिका वाचत होत्या. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. परत पहिलं वाचलं. मग सरांना दाखवली. दोघं हळू आवाजात बोलले, पण मी पहिल्या बाकावर, मला सगळं ऐकू आलं.

"सर, हा कुणाला काही सांगत नसणार. ह्याचं कुणी ऐकलं असतं तर तो पण नापास झाला असता."

पेपर मला परत दिला. शिट्टी नाही दिली, ती सुटल्यावर सुपरवायझरांकडून घ्यायला सांगितली. परीक्षेच्या वर्गावर असतात त्यांना पण सुपरवायझरच म्हणतात. ते बसले होते खुर्चीवर, पंख्याखाली. बघून जरा बरं वाटलं. झोप तर कधीच उडाली होती. उरलेल्या वेळात मी आयुष्यात केली नव्हती तेवढी गणितं केली.

निकाल मुलीनं तिच्या आईच्या मोबाइलवर काढला. गणितात काठावर पास. दोन्ही पेपरांचे मार्क एकत्र धरतात; बीजगणितानं बुडवलं होतं, भूमितीनं वर काढलं. भूमितीत रेषा मारायच्या असतात आणि आमच्या पार्किंगचे पट्टे मीच मारतो. मुलगी घरभर नाचली. मी पेढे घेऊन एजन्सीत गेलो. साहेबांनी पेढा खाल्ला, सर्टिफिकेट खालीवर बघितलं आणि म्हणाले, "एक तारखेपासून डे."

आता मी संध्याकाळी घरी असतो. अकरावीला पण नाव घालायचं म्हणतोय. मुलगी यंदा नववीत. आता आपण दहावी पास, म्हणून रोज तिच्यासमोर बसतो. हे असं लिही, ते तसं खोड, पाठ सरळ ठेव, मोबाइल बाजूला ठेव. परवा तिचं एक गणित मी माझ्या पद्धतीनं सोडवून दिलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि वही माझ्यापुढे धरली. पानभर लाल फुली.

म्हणाली, "पप्पा, तू नाइटलाच बरा होतास. निदान झोपलेला तरी असायचास."