देवांची हद्दकायम मोजणी

अप्पा कोणत्याही देवाला नमस्कार करण्याआधी त्याची चतुःसीमा बघत. देवळात शिरले की पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, दक्षिणेची भिंत कोणाच्या हद्दीत सरकली आहे, हे आधी डोळ्यांनी मोजून घेत. मग मूर्तीकडे असं काही रोखून पाहत, की मूर्तीनंच आपले कागदपत्र सावरून बसावं. नमस्काराचं म्हणाल तर त्यांचे हात छातीपर्यंत येत, तिथं थबकत, आणि काहीतरी आठवल्यासारखे खिशातल्या चष्म्याकडे वळत. ते जोडलेले मी कित्येक महिने पाहिले नाहीत.

अप्पा ब्राह्मणपुरीचे. घरी गुजरी बोलत, बाहेर अहिराणी, आणि कागदावर अशी सरकारी मराठी, की ती वाचताना माणूस नकळत उभा राहतो. उभी हयात त्यांनी भूकरमापक म्हणून जमिनी मोजण्यात घालवली होती. तिन्ही भाषांत त्यांचा प्रश्न मात्र एकच असे : "लगतवाला कोन शे?" तुमच्या शेजारी कोण, हे कळल्याशिवाय तुम्ही कोण हे अप्पांना कळत नसे. लग्नासाठी आलेल्या मुलाची चौकशीदेखील ते आई-बापापासून करत नसत, बांधापासून करत.

नंदुरबारात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, पुण्यस्मरण, भावी आमदार. ज्याला म्हणाल त्याला मी आठ बाय दहामध्ये मोठा करून देतो. पण माझं खरं साम्राज्य दुकानाच्या माळ्यावर आहे. दर रविवारी दुपारी तिथं आम्ही तिघं एक खेळ खेळतो : मी, दातांच्या डॉक्टर रेखाताई आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे पाटील सर. खेळाला लागतात कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा फासा आणि भरपूर थापा. एकानं एक काल्पनिक जग रचायचं आणि बाकीच्यांनी योद्धे, जादूगार, चोर होऊन त्यात हिंडायचं. जग रचायचा मक्ता माझा. तरुणपणी एकांकिकांत मुकुट घातले होते, ते डोक्यावरून अजून उतरलेले नाहीत.

आता जग म्हटलं की देव आले, आणि देव म्हटले की त्यांना राहायला स्वर्ग, पाताळ आणि मधले-अधले लोक आले. दोन पावसाळे खपून नव्या जगासाठी मी एक्केचाळीस देव आणि नऊ लोक तयार केले होते. भक्त एकही जन्मला नव्हता, पण देव खडे होते. आपल्याकडे रस्त्याआधी कमान उभी राहते, तसंच.

अप्पा आले ते पुतण्याच्या लग्नाचा फ्लेक्स करायला. मिरचीचा हंगाम होता. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, पडलेल्या मिरचीनं अख्खं गाव शिंकत होतं. टेबलावर पसरलेल्या माझ्या नऊ वर्तुळांवर दोनदा शिंकून अप्पांनी विचारलं, "हाऊ कोन्ता गावना नकाशा शे?"

मी मान किंचित वर करून, रंगमंचावरच्या आवाजात म्हणालो, "अप्पा, हे विश्व आहे."

"व्हई. पन गटवार शे का?"

नव्हतं. विश्व गटवार नव्हतं. त्यांनी स्वर्गावर बोट ठेवलं. "हाऊ देव कोन?"

"घनघोर. वादळाचा देव."

"आनि ही?"

"नीलांबा. समुद्राची देवी."

"वादळ समुद्रवर उनं, तं नवस कोनले?"

 नाटकात वाक्य विसरल्यावर बघत असे, तसं मी विंगेकडे बघितलं. पुतण्याचा फ्लेक्स राहिला बाजूला. पुढच्या रविवारी अप्पा दोन एसट्या बदलून, केळ्यांची फणी आणि जुनी मोजपट्टी घेऊन माळ्यावर हजर झाले आणि म्हणाले, "चाल रे नाटक्या. पयले हद्द कायम करूत."

त्यानंतर आमच्या जगाचं जे काही झालं ते पाहून कोणत्याही देवानं राजीनामा दिला असता. एक्केचाळीस देवांना नोटिसा निघाल्या. त्या मी माझ्याच दुकानात छापल्या. लगतच्या देवांच्या हरकती मागवल्या गेल्या. वादळ विरुद्ध समुद्र या प्रकरणाची सुनावणी तीन रविवार चालली. घनघोराकडून पाटील सर उभे राहिले, नीलांबेकडून रेखाताई. दिवसभर लोकांचं तोंड उघडून बसणाऱ्या बाईंनी त्या दिवशी स्वतःचं उघडलं आणि सरांना घाम फोडला. अप्पांनी निकाल दिला : वारं उठल्यापासून किनाऱ्यापर्यंत घनघोर, पाण्यावर नीलांबा, आणि नाव बुडाल्यास दोघांनी संयुक्त पंचनामा करावा.

हळूहळू आमचे देव आमच्यासारखेच दिसू लागले. मृत्यूच्या देवाकडे निद्रेचा अतिरिक्त कार्यभार गेला. पहाटेची देवी प्रतिनियुक्तीवर होती, त्यामुळे आमच्या जगात काही आठवडे उजाडतच नव्हतं. पाताळ अप्पांनी सरळ पोटखराब्यात टाकलं. मी कळवळून म्हणालो, "अहो अप्पा, तिथं राक्षस आहेत, लाव्हा आहे, किंकाळ्या आहेत!" ते शांतपणे म्हणाले, "पिकस नही, पन क्षेत्रमा धरनं पडस." नरकाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. खेळ मात्र सुरूच होत नव्हता. रेखाताईंची चेटकीण वेशीबाहेर कढई घेऊन चार महिने खोळंबली होती.

नकाशा पुरा होत आला तेव्हा लक्षात आलं, की नवव्या लोकाच्या कडेला अप्पांनी एक जागा कोरी सोडली आहे. तळहाताएवढी. तिला ना नाव, ना देव, ना गट नंबर. पाटील सरांचा तिथं ज्वालामुखी बसवायचा विचार होता. ते पेन्सिल घेऊन वाकले आणि अप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

"ती जागा सोडी द्या, सर."

"अप्पा, तुम्हीच म्हणता की विनानोंद जागा म्हणजे भांडणाचं मूळ."

"सोडी द्या म्हन्तं ना!"

इतका चढलेला आवाज आम्ही त्यांच्याकडून ऐकला नव्हता. त्यांनी मोजपट्टी गुंडाळली, पिशवीत घातली आणि केळीसुद्धा न घेता ते जिना उतरू लागले. मी मागे धावलो. अर्ध्या जिन्यात ते थांबले आणि तिथंच, पायरीवर बसून बोलले.

खूप वर्षांपूर्वी त्यांची नेमणूक डोंगरात झाली होती. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या याद्या करायच्या होत्या. कागदात घराचा रकाना होता, विहिरीचा होता, गोठ्याचा, झाडाचा, छप्पर असलेल्या देवळाचासुद्धा होता. एका पाड्यावर महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली वाघदेव होता : उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, शेंदूर, आणि वर आभाळ. गावाचा कारभारी दामज्या म्हणाला, "साहेब, देव लिख." अप्पांनी वरिष्ठांना विचारलं. छप्पर नाही, सबब नोंद नाही, असं उत्तर आलं.

"मी लिखं, महूनं झाड, एक," अप्पा म्हणाले. "झाड लिखं मी. देवना रकानाच नव्हता. देव मन्हा हातवरी ऱ्हाई गया रे, नाटक्या. आते कोन्ता देवपुढे हात जोडू?"

तेव्हा मला त्या खिशाकडे वळणाऱ्या हातांचा उलगडा झाला. ते पुढे म्हणाले की मुलानं सुरतेला बोलावून घेतलंय, दिवाळीनंतर कायमचं जायचं आहे. दामज्या त्या पाड्यावरून उठून अक्कलकुव्याच्या अलीकडच्या वसाहतीत राहतो, हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ते त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले, पण वळणावर उतरण्याची हिंमत झाली नाही.

"मग आता उतरू," मी म्हणालो.

तयारी मात्र अप्पांनी अशी केली, की मी हसावं की रडावं ते कळेना. त्यांनी संपूर्ण विश्व फ्लेक्सवर छापून मागितलं, सहा बाय आठ. नऊ लोक, एक्केचाळीस देव, सगळ्या हद्दी लाल रेघेत, आणि कोरी जागा कोरीच. ती त्यांना दामज्याच्या देवाला द्यायची होती. पर्यायी जमीन म्हणून. माझ्या काल्पनिक जगात! सरकारी मराठीतला एक आदेशही त्यांनी लिहिला होता. तो वाचताना मी उभा राहिलो.

सकाळच्या उन्हात अप्पा आणि मी वसाहतीत पोचलो. दामज्या अंगणात खाटेवर बसला होता. केस पांढरे, नजर लख्ख. त्यानं अप्पांना पायांपासून वरपर्यंत पाहिलं.

"मोजणीचा साखळीवाला साहेब ना तू?" तो सगळ्यांना 'तू'च म्हणतो. "म्हातारा झाला."

अप्पांनी घसा साफ केला, आदेश काढला आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथंच त्यांचा आवाज फुटला. कागद त्यांनी खाली केला. मग ते साध्या बोलीत म्हणाले, "दामज्यादादा, तुन्हा देव मी लिखा नही. मन्ही चूक व्हती. देव बुडना."

 दामज्या हसला, आणि हसताना दातांच्या डॉक्टरांना चार महिने पुरेल एवढं काम दिसलं.

"देव कुठे बुडला? तो बघ, मागे बसला."

घरामागे, कडुनिंबापलीकडे, मोकळ्यावर वाघदेव होता. तोच दगड, ताजा शेंदूर, वर आभाळ.

"तुझ्या कागदात जे होतं ना, साहेब, त्याची चौकशी झाली," दामज्या म्हणाला. "कौलं किती, खांब किती, झाड कोणाचं. आमचं लाकूडसुद्धा दोनदा मोजलं. देवाला कोणी विचारलं नाही. कागदातच नव्हता तो! आम्ही पूजा केली, कोंबडा दिला, पहिल्या ट्रॅक्टरात धान्याच्या कणगीशेजारी बसवला आणि आणला. तू झाड लिहिलं. झाड तिथंच बुडलं."

अप्पांनी आदेशाची घडी घालून पिशवीत टाकली. मग हाडात मुरलेली सवय कशी जाणार, त्यांनी पायाखालची जमीन दाखवत विचारलं, "आठली चतुःसीमा?"

"अरे, गावाची शीव हाच राखतो. त्याची शीव तू मोजणार?"

अप्पांचे हात छातीपर्यंत आले. थबकले.  खिशाकडे वळले नाहीत ते. जोडले गेले, आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटलेले होते.

निघताना मी गाडीतून विश्वाची गुंडाळी काढली. आणलंय तर द्यायला हवं. दामज्यानं ती उलगडून, नऊ लोक बोटांनी चाचपून विचारलं, "पाणी गळत नाही ना यातून?"

"नाही."

"मग चांगला आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या सुनेनं घनघोर, नीलांबा आणि इतर एकोणचाळीस देव चाऱ्याच्या गंजीवर पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. चित्राची बाजू वर, शोभेला. परतीच्या रस्त्यावर अप्पा इतके हसले, की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. "हद्दीन्या निशान्या पक्क्या लाव्यात रे तिनी," ते म्हणत होते, "चारी कोपरा!"

दिवाळीनंतर अप्पा सुरतेला गेले. अधूनमधून फोन येतो. "सातवा मजला शे. लगतवाला कोन, चार महिनामा नाव समजनं नही." तिकडे मोजायला काही नाही, ही त्यांची खरी तक्रार. इकडे आमचा खेळ अखेर सुरू झाला. रेखाताईंची चेटकीण वेशीतून आत आली आणि पहिल्याच रविवारी संयुक्त पंचनाम्यात अडकली. कोरी जागा कोणी मागत नाही. पाटील सर तिच्यावर चहाचा कपदेखील ठेवत नाहीत.

परवा अक्कलकुव्याला फ्लेक्स पोचवायला गेलो होतो, तेव्हा वळणावर उतरलो. दामज्या शेतात होता. गंजीवर आमचं विश्व अजून पसरलेलं होतं, पण उन्हानं त्याचं पार खोबरं झालं होतं. स्वर्ग उडाला होता, समुद्र पिवळा पडला होता, पाताळाचा कोपरा शेळीनं खाल्ला होता. अप्पांनी तीन-तीन रविवार खर्चून कायम केलेल्या लाल हद्दी तर शोधूनही सापडेनात. कडेची ती कोरी जागा मात्र छापली त्या दिवशी होती तशीच होती. तिथं उडायला शाईच नव्हती.