वारा पडल्यावरची वीज

पुण्याजवळच्या नांद्यातल्या आमच्या सोसायटीची मी तेव्हा सचिव होते. शाळेतली नोकरी संपली होती, पण शिकलेल्या माणसांना नीट समजावलं की ती ऐकतात, ही भाबडी समजूत शिल्लक होती.

पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ वीजपुरवठ्याच्या सॉफ्टवेअरवर काम करायचे. त्यांनी सभेत पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. पावसाळ्यात घाटावरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात तेव्हा वीज भरपूर असते. वारा पडला की तुटवडा. म्हणून पाण्याचे पंप आणि गाड्यांचं चार्जिंग वाऱ्याच्या वेळी करायचं. कधी सुरू, कधी बंद, याचा निरोप त्यांचं सॉफ्टवेअर फोनवर पाठवेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, योजना मंजूर केली, फोटो काढले.

आमचे पंप सांभाळणारे मामा दाराशी उभे होते. आमच्या इमारती त्यांच्याच भावकीच्या भातखाचरांवर उभ्या आहेत.

"म्हंजी वारं असंल तवा टाकी भरायची, न्हाईतर थांबायचं. लई अवघड न्हाई," ते मला म्हणाले.

त्यांना ते जमलंही. अवघड गेलं ते पदवीधरांना.

एका संध्याकाळी निरोप आला, वारा पडलाय, दोन तास वापर थांबवा. मामांनी पंप बंद केला. मी पार्किंगमध्ये गेले, तर गाड्या रांगेनं चार्जिंगला लावलेल्या. पहिली त्या गृहस्थांचीच.

"अहो, ही योजना तुम्हीच आणलीत ना?"

"मॅडम, माझ्या एका गाडीनं काय फरक पडतो?" फोनवरची नजर न काढता ते म्हणाले. बाकीच्यांनीही हेच सांगितलं, जणू प्रत्येकाला ते स्वतःलाच सुचलं होतं.

त्यात वरच्या मजल्यांचं पाणी तासभर गेलं. लगेच सभा भरली. इतक्या तत्परतेनं ही माणसं कधीच जमली नव्हती.

"अशा लोकांना टेक्नॉलॉजी कळत नाही," ते गृहस्थ मामांकडे बघून म्हणाले.

"तुमचाच निरोप व्हता, सायेब," मामा म्हणाले.

मी वही उघडली. योजना एकमतानं बंद झाली. कारण दिलं गेलं: कर्मचाऱ्याची चूक. मी ते इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं. मामांचं वाक्य लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंपघरात जाऊन मी म्हणाले, "मामा, ही माणसं फार हलकी निघाली."

ते व्हॉल्व्ह फिरवत होते. "तुमी तरी कुटं बोलला?"