पतंगाच्या कागदाचे कंस

दौलतला समुद्राची भीती वाटायची. वाढवणच्या मच्छीमाराच्या पोराने असं म्हणायचं म्हणजे गावभर हसू. पण थोरला भाऊ बुडालेला, म्हणून आई भिकीनेच त्याला डहाणूला आमच्या छापखान्यात आणून घातला. तिथे तो खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवायला शिकला. मुद्रितं मी तपासायची. त्याचा हात चांगला होता. उगाच कौतुक मी करत नाही.

छप्पन्न साली बीजगणिताचं पुस्तक आलं. कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि खिळ्यांवर सगळं उलटं. दौलतचा एखादा कंस हमखास उघडा राहायचा. शेवटी आमचे हे कडाडले, "पुन्हा चुकलास तर सरळ होडीवर जा!"

दुसऱ्या दिवशी त्याने संक्रांतीच्या फाटक्या पतंगांचे कागद आणले. उघडत्या कंसाशी लाल चिठोरं खोचायचं, त्याच्या जोडीच्या मिटत्या कंसाशीही लालच. आतल्या जोडीला हिरवं, त्याच्याही आत पिवळं. ओळ घट्ट बसवायची, रंग जुळले का बघायचं, मग चिठोरी उपसायची.

"बाई, आता एक बी एकटा नाय राहनार."

मुद्रितात एक चूक नाही. ह्यांनी चक्क चहा मागवला.

पण चिठोरं निघालं की त्याच्याएवढी फट उरते. ती भरायला नको? जुळवलेलं पान दगडी मेजावर आडवं होतं तोवर कुणाला कळलं नाही. छापायला न्यायचा म्हणून दौलतने तो फर्मा लोखंडी चौकटीत आवळून उचलला आणि मधलं सगळं बीजगणित खळकन जमिनीवर.

"जा आता," एवढंच हे म्हणाले. मी भांडले, हे ऐकतात कुणाचं! दौलतने खिळे वेचले, ज्याच्या त्याच्या खणात टाकले आणि गेला.

बुडाला वगैरे नाही. गेल्या हिवाळ्यात मी वाढवणला गेले, तर भिकी किनाऱ्यावर उभी. बायका चिडवत होत्या, "भिकीबाय, पोराला कमरेला बांधून ठेव ना!"

"तुमचा एक गेला असता म्हंजे कललं असतं," ती म्हणाली.

दौलत होडीत जाळं भरत होता. मला बघून थांबला.

"बाई, ते पुस्तक निघालं?"

"निघालं. दुसऱ्याने जुळवलं."

"आनि कंस?"

"दोन उघडे राहिले."

हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"त्याला काढला का मालकांनी?"

"नाही."

भरती लागली होती. तो होडीत चढला आणि समुद्राकडे पाठ, किनाऱ्याकडे तोंड करून बसला.