मी डॉक्टरांना ‘नाही’ म्हणाले

“अस्थमा आहे.” सांगलीच्या डॉक्टरांनी आईचा रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. अस्थमा म्हणजे दमा. श्वासनलिका सुजून अरुंद होतात. “घरात जनावरं आहेत?”

“मेंढरं हायती,” आई म्हणाली. “लोकरबी कातते मी.”

“लोकर सध्या बंद. घरात कसले स्प्रे, उग्र वास?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी, म्हणून डॉक्टरांशी मीच बोलायचं असं ठरलेलं. मी म्हणाले, “नाही.”

ते खोटं होतं.

आमचं घर विट्याजवळ. मेंढरं अंगणातच बसतात. दिवाळीत ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. त्यातल्या एकीनं चहा पिताना ओढणी नाकाला लावली. दुसऱ्या दिवशी मी लव्हेंडरचा रूम फ्रेशनर आणला, प्लगला लावायचं सुगंधाचं यंत्र आणलं, फरशीचं वासाचं लिक्विड आणलं. बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून खिडक्याही बंद ठेवू लागले. त्याच खोलीत आई दिवसभर लोकर कातत बसायची. महिन्याभरात तिला खोकला सुरू झाला.

डॉक्टरांकडून आल्यावर आईनं लोकर कातायची चाती माळ्यावर टाकली. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निम्मी मेंढरं व्यापाऱ्याला दिली. मी यंत्र बंद केलं नाही. अचानक बंद केलं तर मी खोटं बोलले ते सगळ्यांना कळेल, एवढंच डोक्यात होतं. खोकला वाढतच गेला.

पंधरा दिवसांनी पुन्हा स्पायरोमेट्री झाली. यात नळीत जोरात फुंकायचं असतं. हवा किती वेगानं बाहेर पडते ते यंत्र मोजतं. धापा टाकत आई म्हणाली, “मेंढरांमागं एवढं फुकलं आसतं तर कळप औंधाला पोचला आसता.” टेक्निशियन हसला. मला हसता आलं नाही. आकडे आधीपेक्षा वाईट होते.

बाहेर बापू व्यापाऱ्याशी फोनवर होते. “उरल्याली बी घिऊन जा. मालकिणीपरास मेंढरं मोठी न्हाईत.”

तेव्हा मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. आई तिथंच बसली होती.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “यातून व्हीओसी निघतात. व्होलाटाइल ऑर्गॅनिक कंपाउंड्स, म्हणजे सहज हवेत मिसळणारी रसायनं. बंद खोलीत ती साठतात. बाटलीवर नुसतं ‘परफ्यूम’ लिहितात, आत काय काय आहे ते आपल्याला कळत नाही. यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण आधी हे बंद करा. मेंढरांचं मग बघू.”

बाटलीवर बारीक इंग्रजीत ‘हवा खेळती ठेवा’ असंही लिहिलं होतं. घरात ते वाचू शकणारी मी एकटी. मी ते वाचलंही होतं.

बाहेर आल्यावर आईनं एवढंच विचारलं, “आमच्या वासाची लाज वाटत हुती व्हय गं तुला?”

बापूंनी ते ऐकलं आणि व्यापाऱ्याला परत फोन करून ‘नको’ म्हणून सांगितलं. उरलेली मेंढरं राहिली. गेलेली परत आली नाहीत.

यंत्र आणि स्प्रे त्याच दिवशी बंद केले; आता दोन महिने झाले. आई रोज इन्हेलर घेते, रात्री सलग झोपते. डॉक्टरांचे उपकार आहेत. तुमच्या घरी कुणाला धाप लागत असेल, तर डॉक्टर विचारतील ते सगळं सांगा. जे सांगायची लाज वाटते, ते आधी सांगा.

आई त्याबद्दल परत कधी बोलली नाही. पण हल्ली माझ्या गाडीवर मागं बसण्याआधी ती पदर नाकाशी नेऊन बघते. मला आरशात दिसतं.