डांबराच्या पिंपातली मिरची

घाटात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. रस्त्यावर दरडीची माती येते तसे ते आपोआप येऊन पडतात, आपण नुसते बाजूला सारत राहायचं! सत्तरचं दशक सरत होतं तेव्हा मी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या घाटात, पार वरच्या अंगाला, रस्ता-दुरुस्तीच्या चौकीवर टाइमकीपर होतो. चार वर्षं काढली. वाघ पाहिला, साहेब पाहिले, उलटलेला साखरेचा ट्रक पाहिला. पण अजून चार मित्र जमले की फर्माईश एकच, "ते मिरचीचं सांग!"

तर सांगतो.

*

आमच्या टोळीचे मिस्त्री म्हणजे पांडूमिस्त्री. सुरुंगाची वात पेटवून शांतपणे चालत येणारा माणूस, पण सासूबाई समोर आल्या की दाराआड सरकायचा. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि बायको, म्हणजे आमच्या सुलूवहिनी, अजून तुडीलला माहेरीच. मिस्त्री बिचारे चौकीमागच्या खोलीत स्वतः भात शिजवायचे आणि तो रोज खाली लागायचा.

त्या दसऱ्याला सासूबाई लेकीला घेऊन चौकी बघायला आल्या. टोळीतले आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो. तुडील सावित्रीच्या काठचं, उबेचं गाव. आजींच्या परसात मिरची अशी यायची की म्हणे पाखरंसुद्धा विचार करून चोच मारत. इथे मात्र दुपारी बाराला धुकं! आजींनी लुगड्याचा पदर कानाभोवती आवळला आणि निकाल दिला, "हितं मिरचीचं झाड बी धरायचं नाय. जिथं मिरची धरत नाय तिथं माझी पोर काय धरनार?"

मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा सासूपुढे बोलले, "मिरची मी लावून दाखवतो."

"नुसती लावून नाय. तिखट झाली पायजे! शिमग्याला येते मी. तवर ऱ्हाऊ दे पोर. नाय जमलं तर हिला घेऊन जाईन, मंग न्यायला येऊ नका."

आजी संध्याकाळच्या एसटीने घाट उतरून गेल्या. वहिनींनी पदराची गाठ सोडली. आत माहेरच्या मिरचीचं चिमूटभर बी होतं. आईचा डोळा चुकवून आणलेलं! तेव्हा मला कळलं की पोरीला इथेच राहायचंय.

*

खोक्यात माती भरून पेरलं, पण बी रुजेना. थंडीच तशी. मग आमच्या रोलरचे ड्रायव्हर हसनभाई म्हणाले, "दिवसभर चालून रोलरचं बॉनेट रातभर कोमट ऱ्हातं. खोकं त्याच्यावर ठेवा."

कमाल म्हणजे आठव्या दिवशी कोंब! मिस्त्री रोज पहाटे खोकं उतरवून उन्हाच्या जागी ठेवायचे. एक दिवस त्यांना उठायला उशीर झाला. दाट धुकं होतं, हसनभाईंना बॉनेटच दिसत नव्हतं, तर खोकं कुठलं दिसणार? त्यांनी रोलर चालू केला आणि निघाले. मागून मिस्त्री नुसत्या बनियनवर धावतायत, "थांबा, पोरं पडतील!"

समोरून एसटी आली. ड्रायव्हरने थांबून वरपासून खालपर्यंत बघितलं. पुढे रोलर, त्यावर हिरवीगार रोपं, मागे बनियनवर मिस्त्री आणि त्यांच्यामागे आमची सगळी टोळी.

"वरात कुणाची?" त्याने विचारलं.

"मिरचीची!" हसनभाई म्हणाले. "चला, बाजू द्या!"

एक रोप हललं नव्हतं. रोलरच तो, चालला काय आणि उभा राहिला काय!

*

रोपं मोठी झाली तशी मिस्त्रींनी एक गळकं डांबराचं पिंप कापलं, घासलं, जाळून काढलं आणि त्यात माती भरून रोपं लावली. रात्री वरून स्वतःची घोंगडी. मिस्त्री कुडकुडायचे आणि मिरची उबेत! नेमके अशात मोठे साहेब तपासणीला आले.

"मिस्त्री, हे काय?"

"मिरची, साहेब."

"ते दिसतंय. तिच्यावर घोंगडी कशाला?"

"थंडी वाजते, साहेब."

साहेबांनी मफलर गळ्याभोवती आणखी एक वेढा फिरवला. "मलाही वाजते," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. तपासणी संपली!

*

पौषात फुलं यायला लागली आणि गळायलाही लागली. ऊन पाहिजे होतं. पण पिंप काही उचलून नेता येत नव्हतं, म्हणून त्यातलं एक रोप डब्यात लावून एसटीने पोलादपूरला पाठवायचं ठरलं. स्टँडसमोरच्या चहावाल्याकडे आठवडाभर ऊन खाऊन यायचं, असा बेत.

कंडक्टर म्हणाला, "लगेज फाडू की तिकीट?"

मिस्त्री म्हणाले, "खिडकीकडची जागा मिळंल का?"

आठवड्याने झाड परत आलं. टवटवीत! पण पानाआड दोन मिरच्या लागल्याची खबर खालून आली होती, त्या कुठे दिसेनात. चहावाल्याने कंडक्टरबरोबर प्रामाणिक निरोप धाडला होता. एका गिऱ्हाइकाने भज्यांबरोबर त्या परस्पर तोडून खाल्ल्या होत्या.

"मग? काही म्हणाला का तो?" मिस्त्रींनी अधीर होऊन विचारलं.

कंडक्टरने मान खाली घातली. "म्हनला, भेंडी कोवळी हाय."

*

खरं सांगतो, त्या दिवशी मिस्त्रींचं तोंड बघवत नव्हतं. पुढे पिंपातल्या मिरच्या लागल्या, चांगल्या लांबसडक, देखण्या. वहिनींनी ठेचा केला आणि आम्हाला जेवायला बसवलं. पहिला घास घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हसनभाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला, तिसऱ्यांदा घेतला, मग म्हणाले, "वहिनी, कोशिंबीर छान झालीय."

वहिनी हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. थंडीत झाड वाढलं होतं, पण तिखटपणा तुडीललाच राहिला होता.

आमच्या टोळीत रखमाबाई होती. खडी फोडण्यात पुरुषांना भारी आणि सल्ले देण्यात सगळ्यांना. ती म्हणाली, "मिरचीला शिव्या घालाव्या लागतात. चिडली की तिखट व्हते."

मिस्त्रींना शिवी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पिंपासमोर उकिडवे बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "गाढवा, असं करू नये रे."

"ही शिवी हाय का आरती?" रखमाबाई कडाडली. शेवटी ते काम हसनभाईंकडे गेलं. वहिनींनी खिडकी लावून घेतली. हसनभाई अर्धा तास बोलत होते. त्यातलं एक वाक्य इथे सांगता येत नाही. मिरची जशीच्या तशी, पण चौकीवर मुक्कामाला आलेला एक पाहुणा घाबरून चहा न घेता निघून गेला!

*

माघात आजींचा निरोप आला, "मिरची लागली का? चार पाठवा, बघते."

आता काय करणार? मी रविवारी महाडला घरी गेलो होतो, येताना बाजारातून लवंगी मिरची आणली. त्यातल्या निवडक चार मिस्त्रींनी फडक्यात बांधून कंडक्टरच्या हाती दिल्या. चार दिवसांनी उत्तर आलं, "डोळ्यांतून पानी आलं. शिमग्याला येतेच."

आम्ही टाळ्या पिटल्या. टाळ्या ओसरल्यावर ध्यानात आलं, की आजी येणार म्हणजे झाडाशी येणार!

*

शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने आजी उतरल्या. मिस्त्रींनी जय्यत तयारी केली होती. उरलेली लवंगी वाळवून चुलीजवळच्या डब्यात ठेवली होती, ठेचा तिचाच वाटला होता. वहिनींना तेव्हा नुकते दिवस गेले होते. हे चौकीवर सगळ्यांना ठाऊक होतं, आजींनाच सांगायचं राहिलं होतं.

आजींनी मिरचीकडे बघितलंच नाही. लेकीकडे बघितलं. वहिनी उलट्यांनी पार उतरल्या होत्या, डोळे खोल गेलेले.

"काय गो ही दशा?" आजी ओरडल्या. मग खरं काय ते कळलं. आजींनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि लगेच आवाज बदलला. "दृष्ट लागलीय पोरीला. मीठ-मोहऱ्या काढ."

वहिनींनी मीठ-मोहऱ्या काढल्या. मिस्त्री घाईघाईने डबा घेऊन पुढे झाले, "मिरच्या ह्या घ्या!"

"डब्यातल्या कशाला? दारात झाड हाय ना!" आजी तडक पिंपापाशी गेल्या आणि झाडावरच वाळलेल्या पाच लाल मिरच्या स्वतःच्या हाताने तोडून आणल्या.

आम्ही सगळे दाराशी गोळा झालो. मिस्त्री, हसनभाई, रखमाबाई, मी. आजींनी लेकीवरून तीनदा उतरवलं आणि बजावलं, "ठसका लागला तर काय नाय. नाय लागला तर दृष्ट मोठी. मंग मी हिला हितं ठेवायची नाय, आत्ताच्या गाडीनं नेनार!"

मूठ चुलीत पडली. मीठ तडतडलं. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या जळाल्या, धूर झाला, खोलीभर पसरला. आणि कुणाला काही नाही! उदबत्ती लावावी तसा धूर.

आजींचा चेहरा उतरला. "येवढी दृष्ट!" त्या पुटपुटल्या आणि लेकीचं गाठोडं ओढायला उठल्या. वहिनी मिस्त्रींकडे बघत होत्या. मिस्त्री जमिनीकडे.

तेवढ्यात हसनभाई खोकले.

एकदाच, बारीक. मग रखमाबाई खोकली, ती चांगली दणक्यात. मग मी. मिस्त्रींनी मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि असे खोकायला लागले की भिंतीला धरून उभे राहिले. बाहेर टोळीतल्या गड्यांना काय चाललंय ते कळेना, पण मिस्त्री खोकतायत म्हणजे आपणही खोकावं, म्हणून तेही सुरू! वहिनी पदर तोंडाला लावून खोकत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

आजी गाठोडं हातात धरून मधोमध उभ्या. त्यांनी चुलीकडे बघितलं. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. धुराचा एक मोठा श्वास नाकाने आत ओढला, थोडा वेळ तसाच धरला आणि सोडला. आमचा खोकला थांबला.

मग त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, खाली बसल्या आणि जोरात खोकल्या. आमच्या सगळ्यांपेक्षा जोरात! पदराने डोळे पुसले, पुन्हा खोकल्या, पुन्हा पुसले.

"सातव्या म्हयन्यात न्यायला येईन," लेकीला म्हणाल्या. "तवर नीट खा-पी."

आणि मिस्त्रींकडे वळून, डोळे पुसतच म्हणाल्या, "जावयबापू, मिरची लय तिखट हाय हो तुमची!"